मॉडबस भंगारात काढण्याआधी टर्मिनल तपासा

भोसरी-चाकणकडच्या मेंटेनन्सवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: आरएस-४८५ वरचं (दोन तारांच्या सिरीयल लाइनवरचं) मॉडबस आरटीयू, म्हणजे मीटर-कंट्रोलरनी एकमेकांशी बोलायची पद्धत, कालबाह्य झालंय, ते फार हळू चालतं, ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) विद्युत नॉइजमुळे चुकीचे आकडे देतं, ३२ पेक्षा जास्त उपकरणं घेत नाही आणि सुरक्षितही नाही, तेव्हा सगळे मीटर आणि कंट्रोलर इथरनेटवर न्या. हे वाचून एखाद्या लहान शेडच्या मालकाने चांगले चालणारे मीटर बदलायला काढले, तर पैसे जातील आणि मूळ दोष बहुधा तिथेच राहील. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी वेगाचं बघू. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) ११ बिटांचं एक कॅरेक्टर, म्हणजे एक बाइट, जायला साधारण १.१५ मिलिसेकंद लागतात. सलग दहा रजिस्टर (मीटरमधले आकड्यांचे कप्पे) वाचायची विनंती ८ बाइटची आणि उत्तर २५ बाइटचं. दोन फ्रेमच्या (संदेशांच्या) मधली साडेतीन कॅरेक्टरची शांतता दोनदा धरली, मीटरला उत्तर द्यायला १० मिलिसेकंद दिले, तरी एक मीटर ५५-६० मिलिसेकंदांत वाचून होतो. म्हणजे वीस मीटर सव्वा सेकंदाच्या आत. एनर्जी मीटरला याहून जास्त वेग कशाला हवा?

मग स्क्रीनवर आकडे सात-आठ सेकंदांनी का बदलतात? कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याने तीच दहा रजिस्टर दहा वेगळ्या विनंत्यांनी मागितलेली असतात. एका विनंतीत १२५ रजिस्टरपर्यंत वाचता येतात. सलग पत्ते एकत्र मागा. दुसरं कारण याहून जास्त दिसतं: एखादा मीटर बंद पडलेला असतो, टाइमआउट (उत्तराची वाट बघायची वेळ) एक सेकंद आणि रिट्राय (पुन्हा विचारणं) तीन ठेवलेले असतात. मग प्रत्येक फेरीत त्या एका मीटरपायी चार सेकंद वाया जातात आणि बाकीचे सगळे ताटकळतात. मीटरच्या मॅन्युअलमधला रिस्पॉन्स टाइम बघून टाइमआउट कमी करा, उत्तर न देणारा मीटर मंद फेरीत टाका, म्हणजे त्याला कमी वेळा विचारा. केबलला हात न लावता निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

नॉइजबद्दलचा आरोप जास्त गंभीर आहे, आणि नेमका तोच उलटा मांडलाय. आरएस-४८५ मध्ये रिसीव्हर दोन तारांमधला फरक बघतो. पिळलेल्या जोडीवर बाहेरचा नॉइज दोन्ही तारांवर जवळपास सारखा चढतो, म्हणून फरकात तो फारसा उरत नाही. तरीही एखादं बिट उलटलंच, तर शेवटचा १६ बिटांचा सीआरसी (चूक पकडणारा आकडा) जुळत नाही आणि ती फ्रेम टाकून दिली जाते. म्हणजे नॉइज असेल तर टाइमआउट येतील. ठराविक चुकीचा आकडा रोज दिसत असेल तर तो जवळजवळ नेहमी वर्ड ऑर्डरचा, म्हणजे रजिस्टरच्या क्रमाचा, घोळ असतो. ३२ बिटांचा फ्लोट (दशांश आकडा) दोन रजिस्टरमध्ये बसतो, आणि आधी कुठलं रजिस्टर हे मॉडबसने ठरवून दिलेलं नाही. दोन रजिस्टरची अदलाबदल करून बघा. नाहीतर रजिस्टरचा पत्ता एकने पुढे-मागे झालेला असतो.

टाइमआउट येत असतील तर शेड बंद असताना, सगळ्या उपकरणांची पॉवर काढून, ए आणि बी (डेटाच्या दोन तारांच्या) टर्मिनलमध्ये मल्टिमीटर लावा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतील तर सुमारे ६० ओहम दिसतात. १२० दिसले तर एक राहिलाय, ४० दिसले तर कुणीतरी मध्येच तिसरा लावलाय. मग केबल ट्रे बघा: कम्युनिकेशन केबल मोटरच्या केबलला चिकटून गेलीय का, शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ केलीय का, आणि वायरमनने एका पॅनेलमधून चार फाटे काढलेत का. लाइन एका उपकरणातून दुसऱ्यात, अशीच गेली पाहिजे.

कॉमनची (सगळ्या उपकरणांचा शून्य व्होल्ट जोडणारी) तिसरी तार तर सर्रास गाळली जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं. रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचा कॉमन-मोड फरक, म्हणजे दोन्ही तारांवर सारखाच आलेला व्होल्टेज, सोसतो. दोन पॅनेलच्या अर्थिंगमध्ये त्याहून जास्त फरक पडला की कम्युनिकेशन तुटतं, चिपही जळते. दोष मात्र प्रोटोकॉलवर जातो.

३२ चा आकडा ‘युनिट लोड’चा, म्हणजे एका उपकरणाच्या लाइनवरच्या प्रमाण भाराचा, आहे. आजच्या अनेक चिप एक अष्टमांश लोडच्या असतात, त्यामुळे एका लाइनवर २५६ पर्यंत बसतात. मॉडबसचे पत्ते २४७ पर्यंत आहेत. अंतराचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही: कमी बॉडला आरएस-४८५ सुमारे १२०० मीटर जातं, तांब्याचं इथरनेट १०० मीटरवर थांबतं.

सुरक्षेबद्दलची अर्धी गोष्ट खरी आहे. मॉडबस आरटीयूमध्ये पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही. पण इथरनेटवर, ५०२ पोर्टवर चालणाऱ्या मॉडबस टीसीपीमध्येही नाही. फंक्शन कोड (वाच-लिही अशा हुकुमांचे आकडे) तेच, रजिस्टर तीच, १९७९ मध्ये मोडिकॉन कंपनीने आणलेली. टीएलएसवाली (एन्क्रिप्शन असलेली) आवृत्ती २०१८ मध्ये आली, पण जुन्या मीटरमध्ये ती कुठून असणार? सिरीयल लाइनवर घुसायला माणसाला पॅनेलपाशी यावं लागतं. इथरनेटवर ऑफिसच्या नेटवर्कमधला कुठलाही लॅपटॉप पुरतो, जर मध्ये फायरवॉल किंवा वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) नसेल तर.

सर्व्हो मोटरच्या अक्षांचं सिंक्रोनायझेशन किंवा वेगवान रिमोट आय-ओ (दूरचे इनपुट-आउटपुट) असेल तर इथरकॅट किंवा प्रोफिनेट या इथरनेटवरच्या वेगवान पद्धतीच घ्या, तिथे मॉडबस आरटीयूचा हट्ट नको. मीटरचे आकडे सर्व्हरवर हवे असतील, तर लाइन आहे तशी ठेवून तिच्या टोकाला एक गेटवे (सिरीयल लाइन इथरनेटला जोडणारं उपकरण) बसवा.