उतरण्याआधी लावा

फळांच्या वासाचा परफ्युम घ्यायचाच असेल तर भर मे महिन्यात, लक्ष्मी रोडवर, दुपारी एकला पाच कमी असताना घ्या. दुकानदाराला शटर ओढायची घाई असते, त्यामुळे तो तुम्हाला विचार करू देत नाही. आणि विचार केला तर असली वस्तू घेणार कोण? कागदाच्या पट्टीवर एकदा हुंगा आणि पैसे मोजा. अर्धा तास थांबलात तर वरचा लिंबू-अननसाचा हलका वास उडून जातो आणि खाली काय उरतं ते दुकानातच कळतं. ते घरी कळलेलं बरं.

माझ्या बाटलीवर पीचचं चित्र होतं. आमच्या घरात पीच कुणी खाल्लेलं नाही, त्यामुळे ज्याने त्याने आपापलं फळ लावून घेतलं. आई म्हणाली, "फणस कुणी कापला गं?" आत्याने काही न बोलता कांद्याबटाट्यांची टोपली उपसली, मग अढीतला एकेक आंबा दाबून पाहिला. शेवटी दोघी माझ्यापाशी येऊन थांबल्या.

अशा वेळी शास्त्राचा आधार घ्यावा. मी घेतला. आत्याला समजावलं की या वासात पीच मुळीच नसतं, गॅमा-अनडेकॅलॅक्टोन नावाचं रसायन असतं. अत्तरवाले त्याला आल्डिहाइड सी-१४ म्हणतात, पण ते आल्डिहाइडही नाही, लॅक्टोन आहे. पॅरिसच्या गेर्लाँ या अत्तरवाल्यांनी १९१९ साली 'मित्सुको' नावाच्या परफ्युममध्ये हेच घातलं होतं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे पीच नाही, ते आल्डिहाइड का काय तेही नाही. मग बावीसशे रुपये कशाचे दिलेस?"

तरीही लावत राहा. कोरड्या कातडीवर वास टिकत नाही, म्हणून आधी हाताला खोबरेल चोळा. दिवसभर टिकतो. फक्त ऑफिसात लोक विचारतात की आज घरी करंज्या होत्या का. पीएमपीत सकाळच्या गर्दीत दोन फवारे जास्त मारून चढावं; शेजारचे काका आपणहून खिडकीकडे सरकतात, मग पुढच्या स्टॉपला उतरूनच जातात. (दिवाळीला कानात हिन्याचा फाया खोचून अख्खा वाडा दरवळवणारे हेच काका, पण ते अत्तर. त्याला वास येत नाही, सुगंध येतो.)

केळ्याच्या वासाचा परफ्युम मिळाला तर तो सिंहगडासाठी राखून ठेवा. त्यातलं आयसोअमाइल अ‍ॅसिटेट मधमाश्याही सोडतात, डंख मारताना, बाकीच्यांना बोलावण्यासाठी. गडावर आपली दखल कुणी घेत नाही ही तक्रार कायमची मिटेल.

परवा तुळशीबागेतून मंडईत शिरले. हातात पिशवी, पिशवीत पिना आणि कानातली. फळवाल्याने हवेत नाक उचललं, पिशवीकडे पाहिलं आणि आपुलकीने म्हणाला, "ताई, जे काय घेतलंय ना, ते आजच संपवा. उद्याला उतरेल."