‘पॉश’ तिकिटावरून आला नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरणारा मजकूर असा: इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर श्रीमंत गोरे भारतात जाताना डावीकडची, परतताना उजवीकडची केबिन घ्यायचे, कारण ती बाजू सावलीची. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं (पी-ओ-एस-एच) तिकिटावर असायची. त्यातून ‘पॉश’ हा शब्द आला.

तिकिटाचं आधी पाहू. या बोटींवरची मेनूकार्डंसुद्धा लोकांनी जपून ठेवलीत. पण ही अक्षरं असलेलं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही.

सावलीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, म्हणून तर गोष्ट पटते. बोटीच्या पुढच्या टोकाकडे तोंड केलं की डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. एडनहून मुंबईला निघालं की डावी बाजू उत्तरेला येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा तिथे सावली. जूनमध्ये मात्र या पट्ट्यात भर दुपारी सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. खरी काहिली तांबड्या समुद्रात, आणि तो तर साधारण उत्तर-दक्षिण पसरलेला. तिथे डाव्या केबिनला सकाळचं ऊन, उजवीला दुपारनंतरचं. डावी रात्रीपर्यंत निवते, उजवी झोपायच्या वेळीही तापलेली. डावी केबिन बरी, एवढंच यातून सिद्ध होतं. शब्दाचा जन्म नाही.

दावा कोसळतो तो तारखांवर. 1890च्या सुमारास छापलेल्या इंग्रजी बोलभाषेच्या कोशात ‘पॉश’ म्हणजे पैसा आणि ऐटबाज माणूस, असे दोन्ही अर्थ आहेत. विशेषण म्हणून तो 1918च्या ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकात दिसतो. आद्याक्षरांची गोष्ट छापून आलेली दिसते ती थेट 1935च्या सुमारास. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द म्हणून उच्चारण्याची रीत पहिल्या महायुद्धाआधी इंग्रजीत फारशी नव्हतीच.

मग आला कुठून? रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांच्या भाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा. त्यावरून इंग्लंडमधल्या चोरांच्या बोलीत अर्ध्या पेनीला आणि पुढे पैशाला ‘पॉश’ म्हणू लागले. पैशावरून पैसेवाला, त्यावरून ऐटबाज, ही साखळी पटण्यासारखी आहे. पण मधल्या कड्यांना लेखी पुरावा नाही, म्हणून कोशकार व्युत्पत्ती अनिश्चितच ठेवतात. त्या रोमानी शब्दाचं मूळ मात्र संस्कृत ‘पार्श्व’, म्हणजे बाजू. आपल्या ‘दारापाशी’तला ‘पाशी’ही त्यातूनच आला.