काळा रंग प्रोजेक्टरच्या खोक्यात येत नाही

घरातली एखादी खोली थिएटरसाठी बाजूला काढली, की एक सल्ला हमखास कानावर येतो. ल्युमेन (यंत्र किती उजेड फेकतं त्याचं माप) जितके जास्त तितका प्रोजेक्टर चांगला. कॉन्ट्रास्टचा, म्हणजे पांढरा काळ्याच्या कितीपट उजळ त्याचा, आकडा मोठ्यात मोठा बघा. खोक्यावर ‘फोर-के’ लिहिलेलं हवंच. पडद्यावर पैसे घालू नका, पांढरी भिंत पुरते. आणि कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र सरळ करणारी सोय) असला की यंत्र कुठेही ठेवा. या पाचही गोष्टींत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. पण त्यात खोलीचा उल्लेखच नाही, आणि सगळी गोची तिथेच आहे.

आधी ल्युमेन. चित्रपटगृहातल्या डिजिटल प्रोजेक्शनमध्ये पडद्यावरचा पांढरा किती उजळ असावा याचं प्रमाण ठरलेलं आहे: ४८ निट्स (निट म्हणजे पृष्ठभाग किती उजळ दिसतो त्याचं माप). घरातला १६:९ आकाराचा १०० इंची (कर्णावर मोजलेला) पडदा सुमारे २.२१ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच भरतो, म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावर तेवढा उजेड पाडायला साधारण ४१५ ल्युमेन लागतात. हो, चारशे पंधराच. १२० इंचाला ६००च्या आसपास. दिवा वापरून मंदावतो, रंग अचूक दाखवणाऱ्या मोडमध्ये उजेड आणखी घटतो, हे सगळं धरून दुपटीहून जास्त घ्या. अंधाऱ्या खोलीत १०० इंचांना हजार ल्युमेन भरपूर झाले.

मात्र ते हजार खरे हवेत. एएनएसआय किंवा आयएसओ या प्रमाणित पद्धतींत पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून आकडा काढतात. ‘लाइट सोर्स ल्युमेन’ म्हणजे लेन्समधून बाहेर पडण्याआधीचा उजेड. तो पडद्यापर्यंत पोचतो किती, हे त्यात नसतंच. शिवाय काही एक-चिप डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवर चालणाऱ्या) यंत्रांच्या फिरत्या रंगचक्रात एक पांढरा तुकडा असतो. त्याने पांढऱ्याचा आकडा फुगतो, लाल-हिरवा मात्र होता तिथेच राहतो. मग बर्फ झगझगीत दिसतो आणि टोमॅटो विटकरी.

‘पण आम्ही दिवे लावूनच बघतो, मग जास्त ल्युमेन नकोत का?’ हा प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच करू. हजार ल्युमेन त्या १०० इंचांवर पसरले की सुमारे ३६० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) होतात. खोलीतल्या दिव्याचे त्याच पडद्यावर नुसते ३६ लक्स पडले, तर पांढरा काळ्याच्या अकरापटच उजळ उरतो. दोन हजार ल्युमेनचं यंत्र आणा, एकवीसपट होईल. दिव्याचं बटण बंद केलंत तर तो शेकडोपट होतो, आणि बटण दाबायला पैसे पडत नाहीत.

कारण प्रोजेक्टर काळा रंग फेकूच शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. काळा म्हणजे जिथे त्याने काही टाकलं नाही, तिथे खोलीने जे ठेवलं ते. विश्वास बसत नसेल तर रात्री खोली अंधारी करून पूर्ण काळं चित्र लावा आणि लेन्ससमोर पुठ्ठा धरा. पडदा जेवढा आणखी काळवंडला, तेवढी चूक यंत्राची. मग अर्धं पांढरं, अर्धं काळं चित्र लावा. आता काळ्या अर्ध्यावर जी राखाडी झाक चढते, ती बहुतेक तुमच्या छताची आणि भिंतींची मेहेरबानी असते.

माझ्या खोलीचं छत पांढरंशुभ्र होतं. बर्फाचं दृश्य आलं की शेजारी बसलेल्याच्या शर्टाच्या गुंड्या मोजता यायच्या. यंत्र बदलायचा विचार पक्का झाला होता. त्याआधी एका रविवारी पडद्यालगतच्या दीड मीटर छतावर काळं कापड चिकटवलं, दोन्ही बाजूंच्या भिंतींवरही तेवढंच. दिसायला अवकळा, कबूल. पण रात्रीच्या रस्त्यावरची उजळलेली खिडकी आणि भोवतालचा अंधार पहिल्यांदा वेगळे दिसले. आधी तो अंधार भिजल्या राखेसारखा असायचा. प्रोजेक्टर तोच आहे, अजूनही.

कॉन्ट्रास्टच्या ‘१०,००,०००:१’ची गंमत इथेच कळते. हा आकडा बहुधा एकदा पूर्ण पांढरी आणि एकदा पूर्ण काळी फ्रेम मोजून काढलेला असतो, आणि काळ्या फ्रेमच्या वेळी लेझर मंद केलेला किंवा लेन्समागची झडप मिटलेली असते. एकाच दृश्यात मेणबत्ती आणि अंधार दोन्ही असतील तर त्या युक्तीचा उपयोग फारसा नाही. विचारायचा तो नेटिव्ह कॉन्ट्रास्ट, म्हणजे अशा युक्तीशिवायचा. खोली खरोखर अंधारी करणार असाल तर माझ्या मते पैसे घालावेत ते यावरच, आणि तिथे एलकॉस (आरशासारख्या पाठीच्या लिक्विड क्रिस्टल पॅनेलच्या) जातीची यंत्रं (जेव्हीसीची डी-आयएलए, सोनीची एसएक्सआरडी) नेहमीच्या डीएलपीच्या पुढे असतात. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत मात्र त्या जास्तीच्या पैशांचं बरंचसं छताला अर्पण होतं.

‘फोर-के’ या शब्दाचे अर्थ तीन. खरोखर तेवढे बिंदू असलेलं पॅनेल, हा पहिला. दुसऱ्यात १९२० × १०८० आरशांची छोटी चिप प्रत्येक फ्रेममध्ये चित्र चार जागी किंचित सरकवते आणि ८३ लाख बिंदू पूर्ण करते. याला फसवणूक म्हणणारे आहेत. मी म्हणत नाही, चित्र छान येतं. फसवणूक तिसऱ्यात आहे: ‘फोर-के सपोर्ट’. म्हणजे सिग्नल आत घेतो, दाखवतो मात्र कमी बिंदूंवर, कधी कधी नुसत्या १२८० × ७२० वर. आणि १०० इंचांवर फुल एचडीचा (१९२० × १०८०) एक बिंदू जेमतेम १.१५ मिलिमीटरचा असतो. चार मीटरवरून सामान्य नजरेला तो सुटा दिसत नाही, तीन मीटरवरून फरक कळतो. तेव्हा आधी सोफा कुठे आहे ते बघा.

भिंतीच्या बाबतीत निम्मी शरणागती. गुळगुळीत, मॅट पांढरी भिंत पहिल्या महिन्यासाठी उत्तम. केवढं चित्र डोळ्यांना मानवतं ते तिच्यावरच ठरवावं. चकाकणारा रंग असेल तर मधे उजेडाचा डाग पडतो, आणि गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा कॅमेरा आडवा सरकला की पाण्याखालच्या दगडासारखा दिसतो.

राहता राहिला कीस्टोन. तो पॅनेलवरच चित्र तिरकं कापून बसवतो, म्हणजे पैसे मोजून घेतलेले बिंदू वाया, आणि न वापरलेल्या भागाची फिकट राखाडी चौकट पडद्याबाहेर सांडते ती वेगळीच. लेन्स शिफ्ट ही सोय असेल तर लेन्सच सरकते, बिंदू शाबूत राहतात. तीही नसेल तर जागा मोजूनच ठरवावी लागते: पडद्याची रुंदी गुणिले थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर रुंदीच्या कितीपट लागतं, तो यंत्राचा आकडा). १०० इंचांना १.५ रेशो असेल तर २.२१ गुणिले १.५, म्हणजे ३.३ मीटर. छतावर नेमक्या तिथेच पंखा असेल, तर ते खोकं उघडण्याआधी कळलेलं बरं.