‘मेड इन जपान’: तीन रात्रींतून निवडलं म्हणजे बनावट झालं का?

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘मेड इन जपान’ या लाइव्ह अल्बमवर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत: गाणी वेगवेगळ्या रात्रींची आहेत, म्हणजे ही खरी मैफल नव्हे, गायक इयन गिलनचा आवाज इतका स्वच्छ आहे की तो नंतर स्टुडिओत भरला असणार, आणि बास ऐकू येत नाही, म्हणून रीमास्टर (जुन्या टेपवरून ध्वनी नव्याने सुधारून काढलेली आवृत्ती) घ्यावा. पहिल्यातली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही.

ध्वनिमुद्रण ओसाकात १५ व १६ ऑगस्ट १९७२ला आणि टोकियोच्या बुदोकानमध्ये १७ला झालं. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चने आठ ट्रॅकवर, म्हणजे एकाच टेपच्या आठ वेगळ्या पट्ट्यांवर, ते टिपलं. ‘स्मोक ऑन द वॉटर’ पहिल्या रात्रीचं, ‘द म्यूल’ आणि ‘लेझी’ टोकियोचे, बाकीची चारही १६ तारखेची. पण निवडलंय ते अख्खं गाणं. सोमवारची गिटार आणि बुधवारचा गळा असा जोडकाम केलेला माल हा नव्हे.

क्रमही बदललाय, हे तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मीच सांगतो. मंचावर ‘हायवे स्टार’नंतर ‘स्मोक’ आणि मग ‘चाइल्ड इन टाइम’ यायचं. तोच क्रम डबल एलपीवर (दोन तबकड्या, चार बाजू) ठेवला तर पहिली बाजू साधारण १४ मिनिटांची आणि दुसरी जवळपास २२ची होते. ‘स्मोक’ आणि ‘चाइल्ड’ची अदलाबदल केली की १९ आणि १७. बाजू जितकी लांब, तितक्या तबकडीवरच्या खाचा जवळजवळ कापाव्या लागतात. मग आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि आधी मार बसतो तो खर्जाला. चौथी बाजू एकट्या ‘स्पेस ट्रकिन’ची, जवळपास २० मिनिटं. माझ्या मते अदलाबदलीमागे हा हिशोब असणार.

आता मुख्य मुद्दा, ओव्हरडबचा, म्हणजे मैफलीनंतर स्टुडिओत भरलेल्या आवाजाचा. त्या काळच्या लाइव्ह रेकॉर्डबद्दल संशय घेणं रास्तच आहे. किस या बँडच्या ‘अलाइव्ह!’मध्ये (१९७५) स्टुडिओत भर घातली गेली हे आता उघड आहे. थिन लिझीच्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’वर (१९७८) निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी आणि बँडमधली मंडळी यांचं आजही जुळत नाही. पण मंचावर गायकाचा आवाज फक्त त्याच्या माइकात जात नाही, ड्रमच्या माइकांतही झिरपतो. नंतर नवा आवाज भरला तर झिरपलेला जुना मागे भुतासारखा उरतो. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये गिलन आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांची आवाज-गिटार सवाल-जवाबाची जुगलबंदी आहे. ती आयत्या वेळची. दुसऱ्यांदा हुबेहूब गाऊन जुन्यावर बसवणं जवळजवळ अशक्य. ओव्हरडबचा डाग दिसायचा तर तिथेच दिसेल.

घरी तपासायचं असेल तर सीडीवरून डब्ल्यूएव्ही, म्हणजे न आकसलेली ध्वनिफाइल, काढा. एमपी३ नको, कारण त्यातलं जॉइंट स्टिरिओ (जागा वाचवायला डावी-उजवी बाजू एकत्र साठवण्याची पद्धत) दोन बाजूंमधला नेमका फरकच बिघडवू शकतं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ ट्रॅक दोन मोनोंमध्ये फोडा, एकाची लहर वरची खाली अशी उलटी करा (‘इन्व्हर्ट’), दोन्ही एकत्र मिसळा. बरोबर मध्यभागी ठेवलेलं जे काही असेल ते एकमेकांना खोडून काढतं. डावीकडचा जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन, उजवीकडची गिटार आणि हॉलचा घुमारा उरतात. त्या उरलेल्यात गळ्याची सावली शोधा आणि ती मूळ ओळीशी जुळते का ते पाहा. एक धोका आहे: मिक्सिंगमध्ये घातलेला स्टिरिओ रिव्हर्बही (कृत्रिम घुमारा) असाच उरतो, आणि त्याला झिरप समजण्याची चूक सहज होते. म्हणून नुसत्या गळ्यावर जाऊ नका, त्याच क्षणी झांजांचं काय होतं तेही ऐका. याहून खात्रीचा उपाय म्हणजे याच अल्बमचा २०१४चा मोठा संच. त्यात तिन्ही रात्री आहेत. एकच गाणं तीनदा लागोपाठ लावा. चढउतार, चुका, गिलनचा श्वास, सगळं उघडं पडतं.

बासबद्दल: लॉर्डने हॅमंड मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवून त्याला गिटारसारखी धार आणली. असा ऑर्गन खालच्या-मधल्या पट्टीत पसरतो आणि बासवादक रॉजर ग्लोव्हरच्या बासची जागा खातो. मूळ मिक्सिंग केलं खुद्द ग्लोव्हर आणि ड्रमवादक इयन पेसने, तेव्हा बास दाबण्यात ग्लोव्हरला रस असण्याचं कारण नाही! ट्रेबल थोडा कमी करून ऐका. बेस नॉब पिळून फायदा होत नाही, नुसती घुमघुम वाढते.

रीमास्टर घ्या, हरकत नाही. पण तुलना करताना दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणा. जास्त मोठं ते कानाला आधी छान वाटतं, आणि १९९८ची रीमास्टर आवृत्ती पहिल्या सीडीपेक्षा मोठ्या आवाजाची आहे. तिच्यात ‘ब्लॅक नाइट’, ‘स्पीड किंग’ आणि ‘लुसिल’ हे एन्कोर (मैफल संपल्यावर प्रेक्षकांच्या आग्रहाखातर वाजवलेली गाणी) दुसऱ्या डिस्कवर मिळतात. ती विकत घ्यायला मला तेवढं एक कारण पुरेसं वाटतं.