मनालीवाल्यांचं ऐकू नये

जानेवारीत कॅनडात माँट्रियलला जायचं ठरलं, की बडोद्यात पहिला सल्ला येतो तो मनालीला जाऊन आलेल्या माणसाचा. भाड्याचा कोट आणि भाड्याचेच गमबूट घालून त्याने बर्फात फोटो काढलेला असतो, त्यामुळे थंडीच्या विषयात त्याचाच शब्द अखेरचा. "काहीतरी जाड घे," एवढं सांगून तो चहा मागतो. आपल्याकडे पारा १२ वर आला की दांडिया बाजारात माकडटोप्या निघतात. तिकडे जानेवारीची सरासरीच उणे १० च्या आसपास.

मुळात जाडीशी काही देणंघेणं नाही. ऊब देते ती कपड्यांत अडकून राहिलेली हवा. म्हणून एका रग्गड स्वेटरपेक्षा तीन थर बरे: अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापड), आणि सगळ्यांवर वारा-पाणी अडवणारं, मांडीपर्यंत येणारं टोपीवालं जॅकेट. सुती गंजी मात्र घरीच ठेवायची. हे घरात सांगून बघा! सूत घाम पितं आणि लवकर सोडत नाही. बाहेर पडलात की तोच ओला गंजी पाठीला गार पोटीससारखा चिकटतो.

उणे १० मध्ये घाम कुठला, असं मनालीवाला विचारेलच. तर घरं, दुकानं, सगळं २१-२२ अंशांवर तापवलेलं. मेट्रो पूर्णपणे जमिनीखालून, रबरी चाकांवर धावते आणि आत चांगलंच उकडतं. शिवाय बाजार, कचेऱ्या, स्टेशनं जोडणारे ३० किलोमीटरहून जास्त लांबीचे भुयारी रस्ते. म्हणजे दिवसभर काढा-घाला. म्हणून डोक्यातून घालायच्या स्वेटरला माझा सक्त विरोध: चष्म्यावर आधीच वाफ धरलेली, त्यात स्वेटरबरोबर चष्मा, टोपी, मफलर सगळं एकदम वर येतं आणि कोरड्या हवेतल्या स्थिर विजेने केस उभे राहतात. पुढून चेन असलेलंच घ्या.

खरी परीक्षा बुटांची. नेहमीपेक्षा एक नंबर मोठे, आणि मापाला जाताना जाड लोकरी मोजे सोबत न्यायचे. मे महिन्यात रावपुऱ्यात ते पायात चढवताना दुकानदार कसा बघेल ते बघू द्या. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. घट्ट बुटात हवेला जागा नाही, रक्तही नीट फिरत नाही, मग मोजे कितीही भारी असोत. आतलं अस्तर सुटं निघणारं असलं तर रात्री वाळवता येतं. फुटपाथवर मीठ टाकलेलं असतं, त्याचे पांढरे ओघळ चामड्यावर उमटतात. एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी, फडक्याने त्याच रात्री पुसायचं. आणि तिकडेही बूट दारातच काढतात, तेव्हा अंगठ्याशी भोक पडलेला मोजा बडोद्यातच निकालात काढलेला बरा.

हातमोजे चार बोटं एकत्र राहणारे घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. मावश्यांसाठी: साडीखाली लोकरी लेगिंग चालतं, पण साडी चार बोटं वर नेसा, नाहीतर निऱ्या खारट चिखल गोळा करत फिरतात. भारी जॅकेट इथे न घेता तिकडेच घ्यावं असं माझं मत. नाताळानंतर ते सेलमध्ये लागतात.

एप्रिलमध्ये जाणाऱ्याला मनालीवाला सांगतो, "आता काय, उन्हाळाच!" सकाळी उणे २, दुपारी १०, आणि फुटपाथच्या कडेला वितळत्या बर्फाचं तपकिरी डबकं. वरून घट्ट दिसतं, पाय टाकला की घोट्यापर्यंत. तेव्हा जॅकेट हलकं चालेल, बूट मात्र पाणी न शिरणारेच हवेत. जुलैत दुपारी २६-२७ आणि दमट हवा. तेव्हा सुती कुर्ते खुशाल न्या. ऑक्टोबरला फ्लीस आणि पातळ रेनकोट पुरे.

जॅकेट घेतलंच असेल, तर बॅगेत भरू नका, हातात ठेवा. अहमदाबादच्या विमानतळावर लोक हसतील. हसू द्यात. बॅग वाटेत दुसऱ्याच देशात उतरली, तर तिकडे दाराबाहेर टॅक्सीच्या रांगेत अंगावर उरतो तो फक्त मनालीवाल्याचा सल्ला.