केंब्रिजची मशीद: आधी बाग, मग दार

इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मिल रोडवरची मशीद पाहून आले आणि तेव्हापासून भेटेल त्याला तिच्याबद्दल सांगत सुटले आहे.

फोटोत सगळ्यांना दिसतात ते नमाजगृहातले लाकडी खांब. ते आहेतच तसे! झाडासारखे वर जातात, त्यांना फांद्या फुटतात आणि त्या एकमेकींत गुंफून छत होतं. खोडांच्या माथ्यावर काचेचे झरोके, त्यातून उजेड थेट जमिनीवर. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं हे लाकूड स्वित्झर्लंडमध्ये घडवून आणलं. नक्षीची भूमिती इस्लामी भूमितीचे जाणकार कीथ क्रिचलो यांची, आराखडा मार्क्स बारफील्ड या वास्तुरचनाकार संस्थेचा, म्हणजे ज्यांनी लंडन आय हा तिथला प्रचंड पाळणा उभारला त्यांचा. याच गावात किंग्ज कॉलेज चॅपलचं पंख्यासारखं उलगडणारं दगडी छत पाचशे वर्षं उभं आहे. दोन्ही एकाच दिवशी बघा, नातं आपोआप कळतं.

पण माझा जीव जडला तो दाराबाहेरच्या भागावर. रस्त्याला लागून आधी बाग आहे. मग पडवी, आतला चौक, वजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याची जागा आणि सगळ्यात मागे नमाजगृह. एकेक टप्पा ओलांडताना रस्त्याचा गलबला मागे पडत जातो. बागेत कुणीही येऊन बसावं, नमाजाला आलेलं असो वा नसो.

घुमट आहे, सोनेरी पण आटोपशीर. मिनार नाही. ‘म्हणजे इथले मुसलमान दबूनच राहिले की’, असं मला एकाने ऐकवलं. मला हे अजिबात मान्य नाही. भिंतींवर केंब्रिजच्या जुन्या घरांसारख्या पिवळसर विटा आहेत. त्यांत लाल विटा अशा बसवल्या आहेत की कूफी या जुन्या अरबी लिपीच्या चौकोनी वळणात ‘सांग, तो अल्लाह एकच आहे’ हे कुराणातलं वचन उमटतं. श्रद्धेचा गाभाच भिंतीवर, तोही त्या गावच्या विटांत लिहिणारे दबलेले कसे? आणि इथे नमाजाला येणारे कितीतरी देशांचे. तुर्की किंवा मुघल घाट उचलला असता तर बाकीच्यांनी तिला आपली कसं म्हणायचं?

२०१९ मध्ये ती उघडली. त्याआधी जवळच्या छोट्या मशिदीत शुक्रवारी माणसं मावत नसत, रस्त्यावर नमाज पढावा लागे. आता हजारजण आत मावतात. छतावरचं पावसाचं पाणी साठवून बागेला वापरतात. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी उधळू नये, ही इस्लामची शिकवण इथे थेट बांधकामात उतरली आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

केंब्रिजला गेलात तर चॅपल बघून तसेच मिल रोडला या. बूट काढा, गालिच्यावर बसा आणि थोडा वेळ नुसतं वर बघा.