घोडा पास करून घ्यायचाय?

एका दिवसात १६० किलोमीटर घोडा पळवायचं तुम्ही ठरवलंत, अभिनंदन. कष्टाचं काम घोडा करणारच आहे. अडचण पशुवैद्यांची. ते शर्यतीआधी तपासतात, प्रत्येक टप्प्यानंतर तपासतात आणि शेवटची रेषा ओलांडल्यावरही तपासतात. इतका संशय बरा नव्हे.

आधी घोड्याची आयाळ छान विंचरा. डॉक्टर तिकडे ढुंकूनही बघणार नाहीत, पण आपलं समाधान. ते हिरडीवर बोट दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघतात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात, पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्यांची गुरगुर ऐकतात, खोगिराच्या आणि तंगाच्या, म्हणजे पोटाखालच्या पट्ट्याच्या, जागी हात फिरवून घोडा अंग चोरतो का पाहतात. म्हणजे मालक समोर उभा असताना चौकशी थेट घोड्याकडे! अशा वेळी तुम्ही मध्ये बोलत राहा. 'तो लंगडत नाही हो, त्याच्या घराण्याची चालच तशी.'

मग नाडी. टप्पा संपल्यावर पंधरा मिनिटांत ठोके ६४ च्या आत यायला हवेत. अखेरच्या तपासणीला वीस मिनिटं मिळतात. निवांत उभ्या घोड्याचे ठोके साधारण तीस-चाळीस असतात, तेव्हा ६४ ही काही फार कडक अट नाही, पण तुम्ही ती अन्यायकारकच म्हणा. घोड्यावर बाटल्या-बाटल्यांनी पाणी ओतायला माणसं ठेवा. तेवढ्यानं भागत नाही, कारण डॉक्टर नाडी मोजतात, घोड्याला थोडं दुडकवतात आणि मिनिटभरानं पुन्हा मोजतात. दमलेल्या काळजाचा दुसरा आकडा चढतो. याला कावेबाजपणा म्हणतात.

खरं घोडं पेंड खातं ते दुडकीच्या वेळी. पुढचा दुखरा पाय टेकला की मान वर उडते, म्हणून लगाम आखडून धरावा असं तुमच्या मनात येईल. पण तो सैल सोडायचा असा नियम आहे, जमीनही टणकच निवडतात आणि शंका आली तर तीन डॉक्टर मतदान करतात. पाय बधिर करण्याचा सल्ला देणारे शहाणेही भेटतील. बधिर पाय दुखत नाही, मोडेपर्यंत. हल्ली आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पायाची संवेदना शाबूत आहे का तेही बघतात. शहाण्यांचा धंदा बसला.

वशिला आणि पैसा लावून पाहायचा असेल तर संयुक्त अरब अमिरातींकडे बघा. पैशाला तिथं काय तोटा? तरी जागतिक अश्वक्रीडा महासंघानं त्यांच्या संघटनेला २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये निलंबित केलंच.

हवेवर खापर फोडायची सोयही आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ट्रायॉनला जागतिक स्पर्धेत उकाडा आणि दमटपणा इतका वाढला की शर्यत मध्येच रद्द करावी लागली. ९५ पैकी ५३ घोड्यांवर उपचार करावे लागले. किती स्वार हिरमुसले असतील! घोड्यांना कुणी विचारलं नाही. म्हणजे डॉक्टरांनीच विचारलं, तीच तर तक्रार आहे.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडली तरी घोडा अखेरच्या तपासणीत पास होईपर्यंत तुम्ही जिंकलेले नसता. म्हणून फेटा, हार आणि फोटोवाला रेषेलाच हजर ठेवा, आणि पेढे वाटायचे असतील तर ते वीस मिनिटांच्या आत वाटून टाका.